ॲम्स्टरडॅमला निघण्यापूर्वी

ॲम्स्टरडॅमची तयारी बॅगेपासून नाही, कॅलेंडरपासून सुरू करा. शहर तसं लहान आहे. सेंट्रल स्टेशनवरून निघून कालव्यांची अर्धवर्तुळं एकामागून एक ओलांडत रमतगमत चाललात, तरी तासाभरात म्युझियमप्लाइन या संग्रहालयांच्या चौकात पोहोचता. पण एवढ्याशा जागेत बाराही महिने पर्यटकांची झुंबड असते, आणि जे बघायला आपण इतक्या लांब जातो त्यातल्या काही ठिकाणांची तिकिटं दारावर मिळतच नाहीत. 'तिथे गेल्यावर बघू' हा आपला लाडका बेत इथे साफ फसतो. दोन-तीन गोष्टी आधी पक्क्या करायच्या आणि बाकीचा वेळ मोकळा सोडायचा, एवढं जमलं की सहल जमली.

तारखा ठरवताना 27 एप्रिलकडे लक्ष ठेवा. त्या दिवशी राजाचा वाढदिवस असतो. अख्खं शहर नारिंगी कपड्यांत रस्त्यावर उतरतं, लोक घरातलं जुनं सामान फुटपाथवर मांडून विकतात, कालव्यांत बोटींची दाटी होते. गर्दीची हौस असेल तर यासारखा दिवस नाही. सोबत आई-बाबा असतील तर मात्र ही तारीख टाळा, कारण मध्यवर्ती भागात ट्राम चालत नाहीत आणि हॉटेलांचे दर चढलेले असतात. ट्युलिप बघायचे असतील तर लिसे गावातली क्युकेनहॉफ बाग साधारण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच उघडी असते. जूनमध्ये रात्री 10 वाजेपर्यंत उजेड, तर डिसेंबरात दुपारी साडेचारलाच काळोख, हेही हिशेबात धरा.

शेंगेन व्हिसाचा (नेदरलँड्ससह बऱ्याच युरोपीय देशांत चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. उन्हाळी सुट्टीत जायचं तर तेवढ्या आधीच अपॉइंटमेंट शोधायला लागा. पॅरिस, ॲम्स्टरडॅम आणि स्वित्झर्लंड असा एकत्र बेत असेल तर ज्या देशात मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि मुक्काम सारखे असतील तर जिथे प्रथम उतरणार तिथे. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंदणी करण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे उतरल्यावर लगेच पुढची गाडी किंवा विमान बुक करून ठेवू नका.

आता सर्वांत निसटणारी गोष्ट: प्रिन्सेनग्राख्त कालव्यावरचं ॲन फ्रँकचं घर. तिकीट फक्त त्यांच्या संकेतस्थळावर, ठरलेल्या वेळेचं. दर मंगळवारी तिथल्या सकाळी 10 वाजता सहा आठवड्यांनंतरच्या आठवड्याची तिकिटं खुली होतात, म्हणजे भारतात उन्हाळ्यात दुपारी दीड आणि हिवाळ्यात अडीच. त्या मंगळवारी फोनमध्ये गजर लावून बसा. सोयीच्या वेळा भराभर संपतात. जुलै 1942 ते ऑगस्ट 1944 या काळात ॲन ही ज्यू मुलगी धरून आठ माणसं नाझींपासून पुस्तकांच्या कपाटामागे जिथे लपून राहिली, त्या खोल्या रिकाम्याच ठेवल्या आहेत. आत फोटो काढू देत नाहीत, आणि ते बरंच आहे. जिने मात्र शिडीसारखे उभे आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना आधीच कल्पना द्या. जाण्यापूर्वी तिची डायरी पुन्हा एकदा वाचली तर त्या खोल्यांमधून फिरताना माहितीफलक वाचत बसावं लागणार नाही.

व्हॅन गॉग म्युझियमचं तिकीटही वेळ ठरवून ऑनलाइनच घ्यावं लागतं. त्याच्या जवळच्याच राइक्सम्यूझियममध्ये रेम्ब्रांचं 1642 सालचं 'नाइट वॉच' आहे. 2019 पासून तज्ज्ञ मंडळी त्या चित्राचा अभ्यास आणि डागडुजी लोकांसमोर, काचेच्या खोलीत करत आहेत. दोन्ही संग्रहालयं एकाच दिवशी उरकायचा मोह होतो, तो आवरा. तिसऱ्या तासाला माणूस चित्रांपेक्षा बाक शोधायला लागतो.

राहण्याचं बुकिंग करताना दिसणारा आकडा शेवटचा नसतो. शहराचा पर्यटक कर खोलीच्या भाड्यावर 12.5 टक्के आहे, आणि 2026 पासून मुक्कामावरचा मूल्यवर्धित करही 9 वरून 21 टक्के झाला आहे. एकूण रक्कम बघूनच ठरवा. कालव्याकाठची जुनी घरं फोटोत देखणी, पण अरुंद आणि उभ्या जिन्यांची. पूर्वीपासून सामान वर चढवायचं ते बाहेरून दोरीने. त्यासाठीचे हुक अजून घरांच्या माथ्यावर दिसतात. तुमची मोठी बॅग कोणी असं चढवून देणार नाही, तेव्हा लिफ्ट आहे का ते विचारा. सहा-सात जणांचं कुटुंब एकाच घरात उतरू म्हणत असाल तर ते इथे बसत नाही, कारण लोकांनी पर्यटकांना भाड्याने दिलेल्या घरांत जास्तीत जास्त 4 जणांना परवानगी आहे. माझं मत विचाराल तर हार्लेमला राहा. रेल्वेने वीस मिनिटांच्या आत ॲम्स्टरडॅम, आणि संध्याकाळी परतायला स्वतःचा शांत चौक असलेलं गाव.

बॅगेत छत्रीऐवजी टोपीचं रेनकोट-जॅकेट घाला; इथला वारा छत्री उलटी करतो. बूट वापरून मऊ झालेले असू द्या. गोल दोन पिनांचे भारतीय चार्जर बहुतेक चालतात, पण लॅपटॉपच्या तीन पिनांना ॲडॉप्टर लागतो. खाऊबद्दल जरा कडक होऊन सांगते. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. त्यामुळे घरचं तूप, पेढे, खवा घरीच. मे महिन्यात भाच्यासाठी हापूसची पेटी न्यायचा विचारही सोडा. फळांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो, आणि त्यातून सूट फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना. तेलातल्या चकल्या आणि पोह्यांचा चिवडा खुशाल न्या.

निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही चालू करा. ट्राम, मेट्रो, बस, रेल्वे, सगळीकडे हेच कार्ड टेकवून चढायचं आणि उतरतानाही टेकवायचं. उतरताना विसरलात तर जास्त पैसे कापले जातात. एका कार्डावर नवरा-बायको दोघं जाऊ शकत नाहीत, प्रत्येकाला वेगळं कार्ड हवं. शिवाय चढताना कार्ड आणि उतरताना त्याच कार्डाचा फोन असं केलंत तर यंत्र त्यांना दोन वेगळे प्रवासी समजतं. स्टेशनच्या मागून 'आय' नावाच्या पाण्यापलीकडे जाणाऱ्या फेरीबोटी फुकट आहेत, त्यांना काहीच टेकवायचं नाही. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी जवळ असू द्या. नळाचं पाणी उत्तम असतं, बाटली घरूनच न्या.

रस्ता ओलांडायची सवय मात्र नव्याने लावावी लागते. वाहनं उजवीकडून चालतात, म्हणजे आधी डावीकडे बघायचं. त्याहून महत्त्वाचं, लालसर पट्टा दिसला की तो फुटपाथ नव्हे, सायकलवाल्यांचा रस्ता. त्यावर सेल्फीसाठी थांबलात तर घंटी वाजेल, आणि मागोमाग दोन शब्दही ऐकायला मिळतील. द वालेन या लाल दिव्यांच्या भागात खिडक्यांमधल्या बायकांचे फोटो काढायचे नाहीत. तिथल्या रस्त्यावर गांजा ओढायला 2023 पासून बंदी आहे. 'कॉफीशॉप'मध्ये तोच विकतात, कॉफी हवी तर कॅफेत शिरा.

शाकाहारी माणसाचे हाल होतील ही भीती सोडा. सुरिनामी हॉटेलं शोधून ठेवा. 1873 पासून कोलकात्याहून जहाजांनी सुरिनाम या दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत उसाच्या मळ्यांवर भारतीय मजूर नेले गेले. 1975 च्या स्वातंत्र्याच्या सुमाराला त्यांचे हजारो वंशज नेदरलँड्सला आले. त्यांच्याबरोबर आलेली रोटी आणि बटाट्याची भाजी इथे आता अगदी रोजचं खाणं झाली आहे. उडदाचा 'बारा' खाल्लात तर मेदूवड्याचं एखादं दूरचं नातं नक्की आठवेल. आल्बर्ट कौप बाजारात गरम स्ट्रूपवाफल, म्हणजे मध्ये पाकाचा थर असलेलं पातळ वॉफल, मिळतं. बाजार रविवारी बंद असतो. चीज घेताना कट्टर शाकाहाऱ्यांनी ते प्राण्यांच्या पोटातून काढलेल्या रेनेटने विरजलेलं नाही ना, एवढं विचारावं.

कालव्यातली फेरी सूर्यास्ताच्या थोडी आधी घ्या, आणि काचेच्या मोठ्या बोटीपेक्षा उघडी छोटी बोट निवडा. दोन्हीकडची घरं 17व्या शतकातल्या व्यापाराच्या पैशातून उभी राहिली, आणि हा कालव्यांचा पट्टा 2010 पासून जागतिक वारसा आहे. या व्यापाराचं एक टोक कोकणातही होतं. वेंगुर्ल्याच्या पडक्या डच वखारीवरून कधी गेला असाल, तर ती ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची होती तिचं मुख्यालय इथे औदे होखस्ट्राटवर अजून उभं आहे. आता त्यात विद्यापीठ आहे.

परतीच्या खरेदीत हवाबंद चीज चेक-इन बॅगेत टाका. सिंगेल कालव्यावरच्या फूलबाजारात ट्युलिपचे कंद ढिगाने असतात, पण हात आवरा. भारतात रोपं-कंद आणायला परवाना लागतो, शिवाय फुलण्यापूर्वी त्या कंदांना काही महिने कडक थंडी हवी असते. त्या पैशात स्ट्रूपवाफलचे आणखी दोन डबे येतात.