नौतपा लागण्याआधी जमीन झाका

नौतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेला लागतो. त्याच्या आत एकच काम होणार असेल तर झाडांच्या आळ्यांत (बुंध्याभोवतीच्या खळग्यांत) आणि भाजीच्या वाफ्यांत काड, म्हणजे गव्हाचा वाळका पेंढा, पसरा. फवारण्या, टॉनिकं, खतं, सगळं त्यानंतर.

इंदूरजवळच्या सांवेर, देपालपूर, हातोदच्या पट्ट्यात दरवर्षी तेच चालतं. एप्रिलमध्ये गव्हात हार्वेस्टर फिरतो आणि मागची नरवाई, म्हणजे धसकटं आणि काड, पेटवून दिली जाते. मे उजाडला की त्याच बांधाला लागून असलेली दोन वर्षांची पेरूची कलमं वाळू लागतात आणि मिरची फुलं टाकते. मग धाव दुकानाकडे. तिथे ‘उन्हाचा ताण’ घालवणारी बाटली तयारच असते. काड फुकटात जाळायचं आणि तेच काम न करणारी बाटली पैसे मोजून आणायची, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे.

एकरी २० क्विंटल गहू निघाला असेल तर काडही निदान तेवढंच मागे राहतं, म्हणजे २ टन. एक एकर भाजीतले नुसते वाफे झाकायला २ ते ३ टन लागतं. थोडक्यात, एका एकराची नरवाई जवळजवळ एका एकराची भाजी वाचवते. जाळण्याबद्दल दंड आहे तो वेगळाच.

उघड्या काळ्या जमिनीचा वरचा थर मेच्या दुपारी ५० अंशांच्या वर जातो, हवा ४२ अंशांवर असली तरी. भाजीची पाणी ओढणारी बारीक मुळं असतात नेमकी वरच्या चार-सहा इंचांत, आणि माती ३५ अंशांच्या पुढे गेली की बहुतेक भाज्यांच्या मुळांची वाढ मंदावते. त्यात माळव्याच्या मातीला भेगा. भेग रुंदावते तशी मुळं तटातट तुटतात. वाळत चाललेल्या कलमाजवळची भेग खुरप्याने उकरून बघा. दोन्ही कडांना तुटक्या मुळांची वाळलेली टोकं दिसतील. वर पाणी सोडलं की ते भेगेतून सरळ खाली जातं आणि मुळाजवळची माती कोरडीच राहते. ‘पाणी तर रोज देतोय’ ही तक्रार इथूनच येते.

काड पसरायची रीत:

१. आधी भेगा बुजवा. खुरप्याने किंवा हात-कोळप्याने वरची दोन इंच माती हलकी मोकळी करा. खोल जाऊ नका, मुळं तुटतील.

२. संध्याकाळी पोटभर पाणी द्या. कोरड्या जमिनीवर टाकलेलं काड कोरडेपणाच जपतं, ही चूक फार जण करतात.

३. वाफसा येताच (माती ओलसर, पण चिकट नाही), दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी काड पसरा. जाडी चार बोटं. वाफ्यांवर चौरस मीटरला १ ते १.५ किलो, सव्वा मीटर रुंदीच्या आळ्याला साधारण दीड किलो.

४. खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा. काड खोडाला टेकलं की वाळवी चढते आणि पावसात बुंधा कुजतो. वाळवीची जागा असेल तर काडाखाली मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड टाका.

५. लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, वाहते तेव्हा गव्हाचं काड उडतं. वरून पाणी शिंपडा, कडेला ढेकळं किंवा तुरीच्या काड्या ठेवा. सोयाबीनचं कुटार जास्त चांगलं बसतं असा आमचा अंदाज आहे. ते जड असतं, एकमेकांत गुंततं. पण कुजतंही लवकर, तेव्हा जूनच्या सुरुवातीला आणखी एक थर लागेल.

नरवाई जाळून झालीच असेल तर शेजाऱ्याचा भूसा, उसाचं पाचट, कडुनिंबाचा पाला, काहीही चालेल. बी धरलेलं गवत तेवढं टाकू नका. आणि झाकलेल्या शेतात विडी ओढू देऊ नका.

प्लास्टिक मल्चिंग आधीच अंथरलं असेल तर भोकं तपासा. भोक लहान असलं की खालची गरम हवा रोपाच्या मानेशीच बाहेर पडते आणि खोडाला जमिनीलगत तपकिरी कडं पडतं. भोक मोठं करा, रोपाभोवती ओंजळभर माती लावा. काळी बाजू वर असेल तर तिच्यावरही काड टाका. नवं प्लास्टिक या महिन्यात विकत घेऊ नका.

पाणी पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. दुपारी ठिबकच्या काळ्या नळीत साचलेलं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापतं. ते पहिलं पाणी रोपाला देऊ नये. विजेची पाळी रात्रीची आली तर कुरकुरू नका, उन्हाळ्यात तीच बरी. दुपारी झाडाने मान टाकली म्हणून लगेच मोटर चालू करायची नाही. सूर्य कलल्यावर पानं उभी राहिली तर पाणी पुरेसं आहे. सकाळी सातलाही मरगळ असेल तर मात्र तहान खरी. काडाखालची माती मुठीत दाबा. गोळा होऊन राहिली तर आजची पाळी चुकवा. बोअरचं पाणी वाचतं ते इथे.

फवारणी हवीच असेल तर स्वस्तातली: केओलीन (पांढरी माती) लिटरला ५० ग्रॅम, फळझाडांवर सकाळी, पंप हलवत राहून, नाहीतर ते तळाशी बसतं. पालेभाजीवर नको. मिरचीची फुलगळ असेल तर ४.५ टक्क्यांचं एनएए (फुलगळ रोखणारं संजीवक) ४.५ लिटर पाण्याला १ मिलि. त्याहून जास्त टाकलं तर फायदा वाढत नाही, उलट त्रासच होतो. कोळी किडीसाठी विद्राव्य गंधक चांगलं, पण तापमान ३५ अंशांच्या वर असताना गंधक मारलं की पानं भाजतात, आणि काकडीवर्गीय वेलींवर तर ते टाळाच. जमीन उघडी असेल तर यातल्या कशाचाही पैसा वसूल होत नाही.

बाकीची कामं:

– लहान कलमांना पश्चिमेकडून तुरीच्या काड्यांचा आडोसा, खोडाला चुना.
– भेंडी, गिलकी, दोडका: तोडणी सकाळी आठच्या आत, माल ओल्या गोणपाटाखाली मंडीत.
– नत्राचा हप्ता पाऊस येईपर्यंत थांबवा.
– साठवलेला कांदा: सडका माल वेगळा काढा, हवा खेळती ठेवा.
– रिकाम्या शेताची खोल नांगरट तीन वर्षांतून एकदा.
– घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासा: १०० दाण्यांतले किमान ७० उगवले पाहिजेत.
– मजुरांचं काम अकराला बंद.

दमदार पाऊस झाला की आळ्यातलं काड आणखी वीतभर मागे ओढा. भाजीच्या वाफ्यातलं तसंच राहू द्या. उरलेलं काड, शेण आणि मूत्रमाती (गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती) थरांनी रचून कंपोस्टला लावा. ही ‘इंदूर पद्धत’ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथेच, इंदूरला, बसवली. थर ओला ठेवायचा, पण चिखल होऊ द्यायचा नाही, आणि ढीग वेळोवेळी उलटायचा. पाऊस थेट पडणार नाही अशी उंच जागा बघा.