डोळ्याला अचानक काही झालं तर जीपीची वाट बघू नका (इंग्लंडमध्ये नवीन आलेल्यांसाठी)

इथे आल्यावर बँक, घर, जीपी (म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर) रजिस्ट्रेशन ह्या धावपळीत एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे डोळ्याला अचानक काही झालं तर जायचं कुठे. स्पेशालिस्टकडे थेट जाता येत नाही, आधी जीपीची चिठ्ठी लागते, हे आपण चार दिवसांत शिकतो आणि तेच डोक्यात पक्कं बसतं. इमर्जन्सीला तो नियम लागू नाही हो.

माझ्या डाव्या डोळ्याच्या कडेला एका संध्याकाळी फ्लॅश उडाल्यासारखं व्हायला लागलं, मग काळे ठिपके, पाण्यात शाईचा थेंब टाकल्यासारखे, नजर फिरवली की तेही मागोमाग फिरायचे. दुखत अजिबात नव्हतं म्हणून मी जीपीला फोन करून पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आणि गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी चष्म्याच्या कामाला ऑप्टिशियनकडे गेलो, सहज बोललो, तर त्या बाईंनी हातातलं काम ठेवून डोळा तपासला, पत्र लिहून दिलं आणि म्हणाल्या आत्ताच्या आत्ता आय कॅज्युअल्टीला (हॉस्पिटलातला डोळ्यांचा इमर्जन्सी विभाग) जा. रेटिनाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याला, चीर पडली होती, त्याच दिवशी लेझर केलं. वाट बघत बसलो असतो तर पडदा सुटू शकला असता. म्हणून कळकळीने सांगतो, दुखत नाही म्हणजे साधं आहे असं डोळ्याच्या बाबतीत धरू नका.

एकदम दिसेनासं होणं, बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटणं, नवे ठिपके किंवा फ्लॅश, डोळा लाल होऊन भयंकर दुखणं आणि सोबत उलटी किंवा दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं (हा अचानक चढलेला काचबिंदू असू शकतो), ड्रिल किंवा हातोडीचं काम करताना कण घुसणं, ह्यात त्याच दिवशी जायचं. दिसायचं गेलं आणि सोबत तोंड वाकडं, बोबडी किंवा हातापायात अशक्तपणा असेल तर सरळ ९९९ (ॲम्ब्युलन्स) लावा, तो स्ट्रोक असू शकतो.

क्लीनर, सिमेंट, चुना असलं काही उडालं तर आधी नळाखाली डोळा धरा, निदान २० मिनिटं, लेन्स असेल तर काढून टाका, मगच निघा. चुन्यासारख्या अल्कली ॲसिडपेक्षा जास्त खोल जातात, त्यामुळे आधी धुणं फार महत्त्वाचं.

कुठे जायचं, तर बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत वेगळी आय कॅज्युअल्टी असते, पण सगळीकडे ती रात्री किंवा शनिवार-रविवारी उघडी नसते, कुठे आधी फोन करून यायला सांगतात. बंद असेल तर नेहमीची ए अँड ई (हॉस्पिटलचा सर्वसाधारण इमर्जन्सी विभाग). लंडनमध्ये असाल तर मूरफिल्ड्स, १८०५ पासूनचं, फक्त डोळ्यांचं हॉस्पिटल. नक्की कळत नसेल तर १११ (एनएचएस म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची हेल्पलाइन) लावा, फुकट आहे, २४ तास चालू, आणि इंग्रजी अडत असेल तर इंटरप्रिटर मागा, लाजू नका. थोडी लाली, चिकटणं, कचरा गेल्यासारखं खुपणं एवढंच असेल तर बऱ्याच भागांत एनएचएसतर्फे ऑप्टिशियनच फुकट बघतात, फोन करून विचारा.

ए अँड ईमधल्या उपचाराला पैसे लागत नाहीत, व्हिसा कुठलाही असो. पण आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आलेले असतील तर ॲडमिट केलं किंवा पुढे ओपीडीला बोलावलं की बिल येऊ शकतं, त्यांचा इन्शुरन्स आधीच काढून ठेवा.

बॅगेत आणलेले जुने ड्रॉप्स मात्र घालू नका, त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं आणि डोळ्यात नागिणीच्या जातीचं (हर्पीस) इन्फेक्शन असेल तर ते वाढतं. लेन्स वापरत असाल आणि डोळा लाल झाला तर लेन्स काढा पण फेकू नका, डबीतून सोबत न्या, कधी कधी तपासणीला मागतात.

जाताना चष्मा, चालू औषधांची यादी, गॉगल घ्या. ट्रायाज नर्सला (कोणाला आधी बघायचं ते ठरवणारी) पहिल्याच वाक्यात काय झालं आणि कधीपासून ते सांगा, "आय प्रॉब्लेम" एवढंच म्हणू नका, कारण नंबर आल्या वेळेवर नाही, गंभीरतेवर लागतो. थांबावं लागेल, चार-पाच तास सुद्धा. बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स घालतात, ते चुरचुरतात, आणि मग काही तास सगळं धूसर, फोनवरची अक्षरंसुद्धा लागत नाहीत. गाडी घेऊन जाऊ नका, जमलं तर कोणाला तरी सोबत न्या.