गावरान कोंबडा: बाजारापासून सावजी रस्स्यापर्यंत

नागपूरचा झणझणीत सावजी रस्सा फसला की खापर मसाल्यावर फुटते. खरा बिघाड बहुधा त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. कोंबडा जरठ निघतो, भरल्या पोटी कापला जातो किंवा अंग ताठरलेले असतानाच गंजात, म्हणजे पातेल्यात, पडतो. म्हणून इथे मसाल्याइतकीच जागा कोंबड्याला दिली आहे.

निवड

ससा, तितर, लावा, घोरपड यांचा विचारही करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची शिकार गुन्हा आहे आणि ‘रानातलं आणून देतो’ म्हणणाऱ्याकडून घेणाराही त्यात अडकतो. पाळलेला गावरान कोंबडा मात्र नागपूरच्या आसपासच्या आठवडी बाजारांत सहज मिळतो. पोळ्याच्या करीला, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी, घ्यायचा असेल तर दोन-तीन दिवस आधीच सांगून ठेवावा, नाहीतर उरलेल्यातून निवडावे लागते.

सात ते दहा महिन्यांचा, जिवंत वजनाने दीड ते पावणेदोन किलोचा कोंबडा रस्स्याला उत्तम. वय विकणाऱ्याला विचारून उपयोग नाही, पाय पाहावेत. पायाच्या मागची काटेरी नखी लहान आणि बोथट असेल तर कोंबडा कोवळा. ती लांब, टोकदार आणि वळलेली असेल तर दोन वर्षांच्या पुढचा समजावा. दुसरी खूण छातीच्या हाडाच्या मागच्या टोकाची. बोटाने दाबल्यावर ते कुर्चेसारखे वाकले तर घ्यावा, दगडासारखे लागले तर सोडावा.

गावरान म्हणून कॉकरेल, गिरिराज, वनराज असे फार्मवरचे किंवा सुधारित जातींचे पक्षीही विकले जातात. ते वाईट नसतात, पण लवकर शिजतात आणि रस्सा पातळ चवीचा होतो. गावरानाचे पाय बारीक, अंग सडपातळ आणि पकडताना झटापट जास्त.

तुरा लाल, डोळे चमकदार आणि मागची पिसे कोरडी हवीत. मान टाकून बसलेला, नाकातून पाणी येणारा किंवा तुरा निळसर पडलेला पक्षी निम्म्या भावातही घेऊ नये. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. इतका तो रोग आपल्या जवळ येऊन गेला आहे.

कापणे आणि भाजणे

कापण्याआधी आठ ते बारा तास दाणा बंद, पाणी चालू. दाण्याने भरलेली गळ्याची पिशवी आणि आतडी साफ करताना फाटली की घाण थेट मांसाला लागते. रात्रभर टोपलीखाली सावलीत ठेवावा. उलटा टांगून, फडफडत आणलेल्या कोंबड्याचे रक्त नीट वाहत नाही आणि मांस काळपट दिसते.

शहरात हे काम दुकानदाराकडूनच करून घ्यावे. गावी करणार असाल तर सुरी दाढीच्या पात्यासारखी हवी. जबड्याच्या लगेच खाली, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एकाच ओढीत कापाव्यात आणि पक्षी डोके खाली करून तीन मिनिटे धरावा. बोथट सुरीने पक्ष्याचे हाल होतात आणि रक्त अंगातच राहते.

आता पिसे. तीन लिटर उकळते पाणी आणि दोन लिटर नळाचे पाणी लोखंडी बादलीत एकत्र केले की साधारण ६५ अंशांचे पाणी मिळते. मे महिन्यात टाकीचे पाणीच तापलेले असते, तेव्हा साधे पाणी अर्धा लिटर जास्त घ्यावे. कोंबडा पायाला धरून मिनिटभर बुडवून हलवत राहावे. पंखाचे मोठे पीस ओढून बघावे. सहज निघाले तर बाहेर काढावा. पाणी फार गरम असेल तर कातडी सालपटासारखी फाटते, गार असेल तर पिसे मुळाशी तुटून खुंट आत राहतात.

नागपुरात दुकानदार न विचारता कातडी सोलून देतात. सावजी रस्स्याला कातडी हवीच, म्हणून ‘सोलू नका, भाजून द्या’ असे आधी सांगावे. घरी भाजताना अंगाला हळद आणि चमचाभर तेल चोळून पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळल्या झाडांच्या) किंवा तुराट्यांच्या (तुरीच्या काड्यांच्या) जाळावर सगळीकडून फिरवावे. कातडी सोनेरी होऊन घट्ट बसली की थांबावे. गॅसची आचही चालते. टायर, प्लास्टिक, रॉकेल यांच्या धुराची चव कशानेच जात नाही. भाजून झाल्यावर सुरीच्या पाठीने खरवडून गार पाण्याने धुवावे.

पोट साफ करणे

इथे घाई केली की रस्सा कडू होतो. पाय गुडघ्याच्या सांध्यावर कापावेत. मानेच्या कातडीला उभी चीर देऊन गळ्याची पिशवी आणि श्वासनलिका बोटाने सोडवून घ्यावी. शेपटीच्या बुडावर वरच्या बाजूला पिवळट तेलाची गाठ असते, ती काढून टाकावी. ती राहिली तर रस्स्याला उग्र वास येतो.

मग कोंबडा उताणा ठेवून मागच्या छिद्राच्या वर दोन इंचांची आडवी चीर द्यावी, खोल नाही, फक्त कातडी आणि पातळ पडदा. आत हात घालून बोटे छातीच्या हाडाला चिकटवत पुढे न्यावीत, पोटा (दाणे दळणारी कडक पिशवी) हाताला लागला की तो धरून सगळे एका ओढीत बाहेर घ्यावे. छिद्राभोवती गोल कापून आतडी सोडवावी.

कलेजीला चिकटलेली हिरवी पिशवी पित्ताची. तिच्याभोवतीची थोडी कलेजी तिच्यासकट कापून टाकावी, लोभ धरू नये. पिशवी फुटलीच तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरून हिरवा डाग लागलेला भाग कापून फेकावा. शिजवल्याने तो कडूपणा जात नाही. फासळ्यांत रुतलेली गुलाबी फुप्फुसे नखाने खरवडून काढावीत. पोटा कडेने उभा चिरून आतले खडे धुवावेत आणि पिवळे अस्तर सोलावे. ते कोरडे असतानाच एका तुकड्यात निघते.

पिसे आणि आतडी दीड-दोन फूट खोल पुरावीत, नाहीतर रात्रीतून कुत्री उकरतात.

मुरू देणे

कापल्यावर तासाभरात अंग ताठरायला लागते. ताठरलेला कोंबडा कितीही शिट्ट्या केल्या तरी चिवट लागतो. म्हणून एकतर कापल्यावर ताबडतोब शिजवावा, नाहीतर झाकून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सहा-आठ तास ठेवावा. मांडीचा सांधा पुन्हा सैल हलू लागला की तयार.

तुकडे सांध्यावर करावेत. कोयत्याने हाड मधोमध तोडले की किरच्या रस्स्यात उतरतात. पावणेदोन किलोच्या कोंबड्याचे पोटा-कलेजी धरून साधारण सव्वा किलो मांस निघते, त्याचे चौदा-पंधरा तुकडे पुरे. दोन चमचे मीठ, अर्धा चमचा हळद, दोन मोठे चमचे आले-लसूण चोळून तासभर ठेवावे. दही नको.

मसाला आणि रस्सा

एवढ्या मांसाला दोन मोठे चमचे धणे, एक चमचा जिरे, अर्धा चमचा शहाजिरे, एक चमचा काळी मिरी, सहा लवंगा, दोन इंच दालचिनी, चार हिरव्या आणि दोन मसाला वेलच्या, एक चक्रीफूल, लहान तुकडा जायपत्री, पाव चमचा नागकेशर, दोन तमालपत्रे, मोठा चमचाभर दगडफूल, मोठा चमचाभर खसखस, ५० ग्रॅम सुके खोबरे आणि दहा-बारा सुक्या मिरच्या. भिवापुरी मिरची मिळाली तर तीच घ्यावी, पण ती तिखट आहे, सवय नसेल तर सहावर थांबावे. तीन मध्यम कांदे आणि खोबरे थेट आचेवर काळसर होईपर्यंत भाजावे.

खडा मसाला मंद आचेवर वेगवेगळा भाजावा. दगडफुलातले सालीचे तुकडे आणि माती आधी निवडून काढावी आणि ते कढईत शेवटी पंधरा-वीस सेकंदच ठेवावे. जळलेले दगडफूल आणि फुटलेले पित्त यांचा कडूपणा ताटात सारखाच लागतो. मसाला, कांदे आणि खोबरे एकत्र करून पाणी घालून गंधासारखे वाटावे. मिक्सरला रवाळपणा राहतो, म्हणून दोनदा फिरवावे.

तेल सढळ, निदान १२० मिलिलिटर. जुन्या पद्धतीत जवसाचे तेल असे. ते लवकर धुरावते आणि वासही उग्र, म्हणून पाव भाग जवस आणि बाकी शेंगदाणा असे घेतले तर चव येते आणि जळत नाही. वाटण मध्यम आचेवर पाण्याचा हबका मारत पंधरा मिनिटे परतावे. कडेने तेल सुटले नाही तर पुढे तर्री (रस्स्यावर तरंगणारे लाल तेल) येणार नाही, हे पक्के धरावे. एक मोठा चमचा भाजलेले ज्वारीचे पीठ इथेच घालावे.

मग मांस आणि पोटा घालून स्वतःचे पाणी आटेपर्यंत दहा मिनिटे परतावे. सव्वा लिटर उकळते पाणी ओतावे. गार पाण्याने उकळी मोडते आणि शिजायला वेळ लागतो. झाकण ठेवून मंद आचेवर सव्वा ते दीड तास. कुकरमध्ये मोठ्या आचेवर एक शिट्टी आणि पुढे मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे, पण रस्सा पातेल्यातलाच चांगला जमतो. मांस हाडापासून सुटू लागले की कलेजी घालावी आणि सात-आठ मिनिटांत उतरवावे. आधीपासून घातलेली कलेजी भुरभुरीत होते. मीठ शेवटी चाखून घालावे.

उतरवल्यावर वीस मिनिटे ढवळू नये, तर्री वर येते. सोबत ज्वारीची भाकर, कांदा, लिंबू. तिखट जास्त झाले तर साखर घालून चव बिघडवू नये, लिंबू जास्त पिळावे.

उरलेला रस्सा उन्हाळ्यात तासाभराच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. दुसऱ्या दिवशी खळखळून उकळूनच वाढावा, आणि तो पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागतो हे नागपूरकराला सांगायची गरज नाही.