विंडोज न उडवता लिनक्स : एकाच लॅपटॉपवर ड्युअल बूट कसे करावे

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून एकच तक्रार वरचेवर ऐकू येते : लॅपटॉप ठणठणीत आहे, पण विंडोज ११ घेत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. सातव्या पिढीचा आय५ अजून उत्तम पळत असला तरी त्याला प्रवेश नाही.

‘सगळे पुसून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाका’ असा सल्ला देणाऱ्याला बहुधा टॅली चालवायची नसते. गिरगाव-दादरच्या डीटीपीवाल्यांची जुनी कामे श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात, सीएच्या ऑफिसातला डिजिटल सिग्नेचरचा टोकन विंडोजवरच बिनतक्रार चालतो, एखाद्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर दुसरीकडे मिळतच नाही. म्हणून विंडोज जागच्या जागी ठेवायचे, शेजारी लिनक्स बसवायचे आणि मशीन सुरू करताना हवे ते निवडायचे. माझे मत विचाराल तर अपडेट न मिळणाऱ्या विंडोजवर फक्त ही अडलेली कामे करा. मेल, बँक आणि एकूण इंटरनेट लिनक्सवर न्या.

लिनक्स बसवायला अर्धा-पाऊण तास पुरतो. जीव खाते ती त्याआधीची विंडोजमधली तयारी. लोक अडकतात ते तिथली एखादी पायरी गाळल्यामुळे, म्हणून हा लेखही त्याच भागावर जास्त रेंगाळणार आहे.

कोणते लिनक्स?

पहिल्यांदाच करत असाल तर लिनक्स मिंट, सिनॅमन आवृत्ती. खाली टास्कबार, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, त्यामुळे विंडोजची सवय असलेल्या माणसाला घरच्यासारखे वाटते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. प्रत्यक्षात ४ जीबी रॅम आणि निदान ६० जीबी जागा धरा, १०० असेल तर उत्तम. उबुंटू हे दुसरे लिनक्स घेतले तरी पायऱ्या जवळपास याच आहेत, फक्त इन्स्टॉलरचे पडदे वेगळे दिसतील.

डेस्कटॉपमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये दुसरी डिस्क लावायची सोय असेल, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारून छोटी एसएसडी आणा आणि लिनक्स तिच्यावर टाका. एकाच डिस्कची वाटणी करण्यापेक्षा हा मार्ग कधीही बरा. डेस्कटॉप असेल तर लिनक्स टाकताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवता येते, म्हणजे चूक करायची म्हटली तरी होणार नाही. पुढचे सगळे एकच डिस्क असलेल्यांसाठी.

विंडोजमधली तयारी

आधी बॅकअप, आणि तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ‘डी ड्राइव्हमध्ये कॉपी केलंय’ हे उत्तर चालणार नाही. सी आणि डी एकाच डिस्कचे दोन कप्पे आहेत आणि आपण त्याच डिस्कला हात घालणार आहोत.

मग स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून उघडा. उजव्या बाजूच्या यादीत ‘बायोस मोड’ अशी ओळ आहे (बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मशीनचा स्वतःचा प्रोग्रॅम). तिथे ‘यूईएफआय’ (नवी पद्धत) दिसले तर निर्धास्त पुढे जा. ‘लेगसी’ (जुनी पद्धत) दिसले तर लिनक्स बसवायचा पेन ड्राइव्हही लेगसी पद्धतीनेच बनवायचा आणि तसाच बूट करायचा. एक सिस्टिम यूईएफआयमध्ये आणि दुसरी लेगसीमध्ये असली, की सुरुवातीच्या मेन्यूतून दोन्हीकडे जाता येत नाही. अशा जुन्या डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन चालतात, तेवढी आधीच भरली आहेत का तेही पाहून घ्या.

आता सगळ्यात जास्त लोकांना रडवणारी गोष्ट : बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एनक्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. ‘मी तर ते कधी चालूच केलं नाही’ असे म्हणू नका. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केले की डिस्क आपोआप एनक्रिप्ट होते, होम आवृत्तीतसुद्धा, आणि मालकाला पत्ताही नसतो. तुम्ही बायोसमध्ये काही बदलले किंवा बूटचा क्रम हलवला, की पुढच्या वेळी निळा पडदा येऊन ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर डेटा गेला. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ खाली ‘डिव्हाइस एनक्रिप्शन’ पाहा. चालू असेल तर आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ब्राउझरने शिरून ती की कागदावर उतरवून घ्या. हो, कागदावर. त्याच लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये ठेवलेली की ऐन वेळी कशी उघडणार? त्यानंतर एनक्रिप्शन बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या. मोठ्या डिस्कला बराच वेळ लागतो, चार्जर लावून ठेवा.

पुढचे काम फास्ट स्टार्टअप बंद करण्याचे. ते चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पुरते बंद होत नाही, डोळे मिटून पडलेले असते. लिनक्सला ती डिस्क अर्धवट उघडी दिसते आणि तो तिथे काही लिहू देत नाही, फक्त वाचू देतो. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ दाबली की खालचे चौकोन जिवंत होतात. ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढून सेव्ह करा.

आता जागा. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा, सी वर राइट क्लिक, ‘श्रिंक व्हॉल्यूम’. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो, १०० जीबीसाठी १०२४००. पुष्कळदा सी मध्ये २०० जीबी मोकळे असूनही विंडोज जेमतेम २० जीबी द्यायला तयार होते. कारण पेज फाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोअर पॉइंट अशा न हलणाऱ्या फायली मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात. सिस्टिम प्रोटेक्शन आणि पेज फाइल तात्पुरती बंद करून रीस्टार्ट करा, पुन्हा श्रिंक करा, काम झाले की दोन्ही परत चालू करा. काळ्या पट्टीची ‘अनअलोकेटेड’ जागा दिसू लागली की थांबा. तिथे नवीन व्हॉल्यूम बनवू नका, ती तशीच रिकामी हवी.

डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर एखादा उसना आणा. मुंबईत लाइट जात नाही याचा आपल्याला भारी अभिमान, पण १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी ग्रिड बसली तेव्हा लोकलसुद्धा जागच्या जागी थांबल्या होत्या. पार्टिशन बदलत असताना वीज जाणे परवडणारे नाही.

पेन ड्राइव्ह आणि चाचणी

मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल (सगळे मिंट एकाच फाइलमध्ये) उतरवा, साधारण ३ जीबीची. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो, त्यातले सगळे पुसले जाईल. रुफस हा छोटा प्रोग्रॅम उघडा, पेन ड्राइव्ह आणि आयएसओ निवडा, आणि मघाशी ‘यूईएफआय’ दिसले असेल तर पार्टिशन स्कीम जीपीटी, टार्गेट यूईएफआय ठेवा. मध्येच तो एक प्रश्न विचारतो, तिथे ‘रेकमेंडेड’ लिहिलेला पर्याय ठेवा.

पेन ड्राइव्ह लावून रीस्टार्ट करा आणि कंपनीचा लोगो येताच बूट मेन्यूची की दाबत राहा. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, असुसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ१२ आहे, पण तो मेन्यू आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी बायोसमधली सोय) बंद करायची घाई नको, मिंट आणि उबुंटू दोन्ही त्याच्यासह चालतात.

मिंटचा डेस्कटॉप आला म्हणजे अजून काहीही इन्स्टॉल झालेले नाही, सगळे पेन ड्राइव्हवरून चालले आहे. ही संधी फुकट घालवू नका. वायफाय लागतो का, आवाज येतो का, ट्रॅकपॅड, कॅमेरा, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागे होते का, हे सगळे इथेच बघा. वायफाय दिसला नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. नेट मिळाले की ड्रायव्हर नंतर उतरवता येतो.

इन्स्टॉल

डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’वर क्लिक करा. भाषा, कीबोर्ड हे सोपे. ‘मल्टिमीडिया कोडेक्स’ला खूण केली आणि सिक्युअर बूट चालू असेल, तर एक पासवर्ड ठरवायला सांगतील. तो लिहून ठेवा, थोड्या वेळाने लागणार आहे.

‘इन्स्टॉलेशन टाइप’ हा सगळ्यात महत्त्वाचा पडदा. ‘इन्स्टॉल अलाँगसाइड विंडोज’ हा पर्याय बहुधा नीट काम करतो. ‘इरेज डिस्क’ला चुकूनही हात लावू नका, ते विंडोजसकट सगळे साफ करते. मी मात्र ‘समथिंग एल्स’ निवडायला सांगतो, कारण त्यात कुठे काय जाणार आहे ते डोळ्यांना दिसते.

यादीत डिस्कचे नाव ‘एनव्हीएमई’ किंवा ‘एसडीए’ने सुरू होईल. पेन ड्राइव्हही याच यादीत असतो, तेव्हा जीबीचा आकडा पाहून आपली डिस्क ओळखा. खाली एनटीएफएस लिहिलेली विंडोजची पार्टिशन, १०० एमबीच्या आसपासचे एक ईएफआय (मशीन सुरू करणाऱ्या फायलींचे), आणि ‘फ्री स्पेस’ म्हणून तुम्ही मोकळी केलेली जागा. ती फ्री स्पेस निवडा, अधिकचे चिन्ह दाबा, सगळी जागा द्या, प्रकार एक्सटी४ आणि माउंट पॉइंट म्हणजे नुसती तिरकी रेघ, जिला रूट म्हणतात. बस. वेगळे स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची जागा) बनवायची गरज नाही, इन्स्टॉलर स्वतः स्वॅप फाइल करतो. ईएफआय पार्टिशन दोन्ही सिस्टिम मिळून वापरतात, त्याच्यासमोरच्या ‘फॉरमॅट’ रकान्यात खूण नसावी. सगळ्यात खाली बूटलोडरसाठी (सुरुवातीचा मेन्यू दाखवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) हीच मुख्य डिस्क दिसते ना, ते पाहा. ‘इन्स्टॉल नाउ’ दाबल्यावर काय काय बदलणार याची यादी येते. त्यात एनटीएफएसचे नाव आले तर मागे फिरा.

यादीत डिस्कच दिसली नाही, तर बायोसमध्ये स्टोरेज ‘रेड’ किंवा इंटेल आरएसटीवर ठेवलेले असण्याचा संभव मोठा. ते ‘एएचसीआय’ करायचे, पण थेट बदलले तर विंडोज सुरू होणार नाही. आधी विंडोजमध्ये ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ उघडून बूटच्या टॅबमध्ये ‘सेफ बूट’ला खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये उघडले की खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही, खात्याचा पासवर्ड आठवत असू द्या.

पहिली सुरुवात

मघाचा पासवर्ड ठरवला असेल, तर पहिल्याच रीस्टार्टला निळ्या पडद्यावर एक छोटा मेन्यू येतो. तिथे ‘एनरोल एमओके’, मग ‘कंटिन्यू’, ‘येस’ आणि तो पासवर्ड. पडदा फार वेळ थांबत नाही, समोर बसून राहा. मग ग्रब नावाचा काळा मेन्यू येईल : वर मिंट, खाली ‘विंडोज बूट मॅनेजर’. दोन्ही एकेकदा उघडून पाहा.

ग्रब न येता थेट विंडोज उघडले तरी लिनक्स गेलेले नसते. बायोसच्या बूट ऑर्डरमध्ये मिंट ‘उबुंटू’ या नावाने दिसते, ते वर आणा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर हा क्रम कधी कधी बदलतो. ऑगस्ट २०२४ च्या एका अपडेटने तर अनेकांच्या मशीनवर सिक्युअर बूट चालू असताना लिनक्स सुरूच होऊ दिले नव्हते. म्हणून तो पेन ड्राइव्ह पुसू नका, दुरुस्ती त्याच्यावरूनच करावी लागते.

विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसले तर बॅटरी बदलायला धावू नका. विंडोज मशीनच्या घड्याळात भारतीय वेळ लिहिते, लिनक्स जागतिक वेळ लिहितो आणि दोन्हींतला फरक आपल्याकडे नेमका साडेपाच तासांचा. मिंटच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ (timedatectl set-local-rtc 1) ही आज्ञा इंग्रजी छोट्या अक्षरांत दिली की दोघांचे जमते.

फायलींबाबत एक लक्षात ठेवा. लिनक्सला विंडोजच्या फायली दिसतात, विंडोजला लिनक्सच्या दिसत नाहीत. दोन्हीकडे लागणारी कागदपत्रे डी ड्राइव्हमध्येच ठेवा. मराठी टायपिंगसाठी मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट वाढवा, मराठीचे इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात. आणि लिनक्स मुळापासून शिकायचे असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतूनही आहेत, फुकट.

पुढे कधी लिनक्स काढावेसे वाटले, तर आधी बायोसमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर आणा. मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचे पार्टिशन डिलीट करा आणि सी वर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ देऊन जागा परत घ्या. क्रम उलटा केलात तर मशीन सुरू होताना ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच लिहिलेला काळा पडदा समोर येईल. तसे झालेच तर बूट मेन्यूची की दाबून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडा, विंडोज तिथून उघडते.