इंटर्नशिपला येताय? आधी एक फाइल शेवटपर्यंत वाचा

इंदूरच्या जिल्हा न्यायालयात मी वकिली करते. दर वर्षी लॉची दोन-तीन मुलं रामबागेतल्या माझ्या ऑफिसात इंटर्नशिपला येतात. आल्या दिवशी मी त्यांना कायद्याचं पुस्तक देत नाही, एक निकाली निघालेली जुनी फाइल देते. ती कशी वाचायची, इथपासूनच काम सुरू होतं.

आधी आदेशपत्रिका वाचा. कोणत्या तारखेला काय झालं, पेशी म्हणजे सुनावणीची तारीख का वाढली, साक्षीदार कधी आला नाही, हे तिथे ओळीने सापडतं. मग दावा, जबाबदावा (दाव्याला दिलेलं उत्तर), वादप्रश्न (कोर्टाने ठरवायचे मुद्दे), साक्षी आणि शेवटी निकाल. निकाल आधी उघडू नका. साक्षी वाचून झाल्या की स्वतः पानभर निकाल लिहा आणि मग न्यायाधीशांचा वाचा. दोन्हींत जिथे फरक पडतो, तिथेच तुमचा अभ्यास आहे.

वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते. एका वर्षात ती सलग ४ आठवड्यांहून जास्त करता येत नाही. चार आठवड्यांत एका खटल्याच्या फार तर एक-दोन पेश्या होतात. म्हणून आवडलेल्या खटल्याचा सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक खटल्याला मिळणारा वेगळा क्रमांक, वहीत उतरवून घ्या, ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या ॲपवर पुढची तारीख बघत राहा आणि इंटर्नशिप संपल्यावरही त्या दिवशी कोर्टात येऊन बसा. खुल्या कोर्टात बसायला कुणी अडवत नाही.

एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला पाहून नोंदी करणं तुमच्या मूट कोर्टाच्या (सरावासाठीच्या नकली कोर्टाच्या) पेपरातच आहे, त्याला ३० गुण आहेत. कित्येक जण सीनियरची डायरी उतरवून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण उलटतपास पुस्तकातून शिकता येत नाही. आपण घरी उलटतपास म्हणतो, इथे कोर्टात त्याला प्रतिपरीक्षण म्हणतात. साक्षीदार माळवीत बोलतो आणि कागदावर हिंदी उतरते. त्या दोन वाक्यांच्या मध्ये काय निसटलं, तिकडे कान द्या. वकील कुठे थांबला, तेही लिहा. हवं ते उत्तर मिळाल्यावर आणखी एक प्रश्न विचारला आणि साक्षीदाराने सगळं सावरून घेतलं, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

पक्षकाराशी बोलणं मात्र मी स्वतः चूक करून शिकले. कॉलेजात असताना विधी सहायता केंद्रात एक काकू पोटगीसाठी आल्या होत्या. मी विचारलं, ‘नवरा खर्च देतो का?’ त्या म्हणाल्या, ‘देतो.’ मी तसंच लिहून मोकळी झाले. सीनियर बाईंनी कागद बघितला आणि काकूंना पुन्हा बसवलं. शेवटचे कधी दिले? किती? कुणाच्या हातात? तेव्हा कळलं, दोन वर्षांत एकदाच, दिवाळीला, दोन हजार, तेही मुलाच्या हातात. माझ्या एका शब्दाने त्यांचा अर्ज पडला असता.

म्हणून पहिली दहा मिनिटं नुसतं ऐका. काकू मराठीत रडत असतील तर मराठीतच बोला, हिंदी अर्ज नंतर करता येतो. मग तारीख, रक्कम, जागा, हजर माणसं एकेक करून विचारा आणि लिहिलेलं वाचून दाखवा. पोटगीचं कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे, जुनं १२५ लिहू नका. दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं, त्याचा कच्चा मसुदा तुम्ही भरा.

मसुद्याचा पहिला सराव चेक बाउन्सच्या नोटिशीवर करा, म्हणजे दिवस मोजायची शिस्त लागते. बँकेकडून चेक परतल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. समोरच्याला ती ३ मार्चला मिळाली, तर पैसे द्यायला त्याला १५ दिवस, म्हणजे १८ मार्चपर्यंत. १९ मार्चला वादकारण, म्हणजे तक्रार करायचा हक्क, निर्माण होतं आणि तिथून एका महिन्यात परिवाद (कोर्टातली तक्रार) दाखल करायचा. घाईने १८ मार्चच्या आत दाखल केला तर तो चालत नाही. कॅलेंडर समोर ठेवून अशा पाच तारखा मोजा.

मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणात पॅरालीगल स्वयंसेवक (लोकांना कायद्याची मदत मिळवून देणारे, वकील नसलेले कार्यकर्ते) म्हणूनही लॉच्या विद्यार्थ्यांना, सनद म्हणजे वकिलीचा परवाना मिळेपर्यंत, काम करता येतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. हे आपल्या गल्लीतल्या कितीतरी बायकांना ठाऊक नसतं. त्यांना १५१०० हा विधी सेवेचा हेल्पलाइन नंबर सांगा, अर्ज भरायला सोबत जा.

ऑफिसात येताना दोनशे पानी वही आणा. फाइलचा फोटो काढायचा नाही, पक्षकाराचं नाव बाहेर घ्यायचं नाही. वकिलाचा गळ्यातला पांढरा बँड सनदेनंतरच. आणि पुकार (खटल्याचं नाव पुकारणं) व्हायच्या पंधरा मिनिटं आधी कोर्टाच्या दाराशी उभे राहा, पक्षकार तिथे तुमच्या आधी येऊन थांबलेला असतो.