भातावर सीवीडची फवारणी: कधी, किती आणि काय टाळायचं

लावणी उरकली की दुकानदार हमखास सीवीडची, म्हणजे समुद्री शेवाळाच्या अर्काची, बाटली पुढे करतो आणि वर सांगतो, हे मारा नि युरिया अर्धा करा. तसलं काही करू नका. समुद्री शेवाळाच्या अर्कात थोडं पोटॅश असतं, सायटोकायनिन, ऑक्सिनसारखी संजीवकं असतात, त्यानं मुळं आणि फुटवे यांना चालना मिळते, पण पिकाचं पोट त्यावर भरत नाही. शिफारशीचं खत द्यायचंच, हे त्याच्या जोडीला.

घेताना पक्कं बिल घ्या, लेबलवर घटक आणि एक्सपायरी बघा. 2021 पासून बायोस्टिम्युलंट (सीवीडसारखी पिकाच्या वाढीला चालना देणारी उत्पादनं) खत नियंत्रण आदेशात आलेत, त्यामुळे नुसतं 'चमत्कारी टॉनिक' लिहिलेली बाटली नकोच.

डोस लेबलप्रमाणे. समजा एकरी 250 मिली लिहिलंय आणि पाणी 100 लिटर लागतंय, तर 15 लिटरच्या पंपाला साधारण 37 मिली पडतं, दहा गुंठ्याच्या खाचराला 62 मिली पुरे. कुठे 5 टक्के, 10 टक्के असं वाचलंत तर थांबा, संशोधनातले ते आकडे बहुतेक कप्पाफायकस शेवाळाच्या ताज्या रसाचे असतात (तामिळनाडूच्या किनाऱ्याला बांबूच्या तराफ्यांवर लावतात ते), दुकानातला अर्क घट्ट असतो, ते प्रमाण इथे लावलंत तर बाटल्याच्या बाटल्या संपतील.

पहिली फवारणी रोप रुजून फुटवे धरायला लागल्यावर, लावणीनंतर 15-20 दिवसांनी. दुसरी पोटरीत यायच्या (लोंबी खोडातच फुगायला लागते ती अवस्था) जरा आधी. पैसे एकाच फवारणीचे असतील तर मी फुटव्यांची निवडेन, पोटरीपर्यंत फुटव्यांची संख्या ठरून गेलेली असते.

आता खरी डोकेदुखी म्हणजे कोकणातला पाऊस. चार-पाच तास उघडीप मिळेल असं वाटलं तरच पंप उचला, स्टिकर (फवारा पानाला चिकटवणारं द्रावण) टाका, पानं ओली असतील तर निथळू द्या. फुलोऱ्यात सकाळी अजिबात मारू नका, भाताचं फूल साधारण नऊ ते बारात उघडतं, मारायचंच तर चारनंतर. तणनाशकाचा पंप नीट धुतल्याशिवाय वापरू नका. कॉपरच्या बुरशीनाशकात किंवा बोर्डोत (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणात) मिसळू नका, दुसरं काही मिसळायचं झालं तर आधी बरणीत थोडं करून अर्धा तास ठेवा, गाळ किंवा गोळे आले तर वेगवेगळं मारा.

आणि एक खाचर फवारणी न करता कोरं सोडाच, त्याच वाणाचं, त्याच दिवशी लावलेलं, खतही तेवढंच घातलेलं. पोटरीत दोन्हीकडच्या दहा-दहा चुडांचे (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुपक्यांचे) फुटवे मोजा, कापणीला लोंबीतले भरलेले आणि पोचट दाणे वेगळे करून बघा, पुढच्या वर्षी बाटली घ्यायची की नाही ते तिथेच कळेल.