आरएस-४८५ची लाइन दुरुस्त करायला निघण्यापूर्वी

आरएस-४८५ म्हणजे ए आणि बी या दोन तारांवर अनेक उपकरणांना एकमेकांशी बोलू देणारी जोडणी. आदल्या दिवशीच साइटवर फोन करून प्रत्येक उपकरणातल्या ट्रान्सीव्हर चिपचा (तारांवर सिग्नल पाठवणारी आणि घेणारी चिप) नंबर मागवा. झाकण उघडून काढलेला फोटो मिळाला तर उत्तमच. मॅन्युअलमधल्या ‘आरएस-४८५’ एवढ्या उल्लेखावर काम भागत नाही. मॅक्स-४८५ ही ५ व्होल्टची चिप, मॅक्स-३४८५ ही ३.३ व्होल्टची. ए आणि बी तारांवर दोघींचं जमतं, कारण रिसीव्हर फक्त दोन तारांमधला फरक बघतो. अडचण बोर्डाच्या बाजूला येते: ५ व्होल्टच्या चिपचं आउटपुट सोसेल अशीच ती मायक्रोकंट्रोलरची पिन आहे का, हे डेटाशीटमध्ये पाहून ठेवा.

पोर्टवर नुसतं ‘सिरीयल’ लिहिलेलं असेल तर काहीही जोडण्याआधी टीएक्स (पाठवणारी पिन) आणि ग्राउंडमध्ये मल्टिमीटर लावा. उणे ५ ते उणे १२ व्होल्ट दिसले तर आरएस-२३२, ३.३ किंवा ५ दिसले तर टीटीएल (चिपच्या पिनवरचा थेट सिग्नल). या दोघांची थेट गाठ घालू नका, टीटीएलची पिन जळू शकते.

पिशवीत मल्टिमीटर, खात्रीचा यूएसबी कन्व्हर्टर, १२० ओहमचे दोन आणि ५६० व ३९० ओहमचे दोन-दोन रेझिस्टर हवेतच. हे शेवटचे चार कशासाठी ते नीट समजून घ्या, कारण जुन्या-नव्या चिप एकत्र आल्या की बहुतेक त्रास इथेच होतो. जुन्या रिसीव्हरला फरक अधिक २०० मिलिव्होल्टच्या वर असेल तर १ कळतो, उणे २००च्या खाली असेल तर ०; मधल्या पट्ट्यात कसलीच हमी नाही. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर (टर्मिनेशन) असले आणि कुणीच बोलत नसलं, की फरक जवळजवळ शून्यावर येतो. नव्या फेलसेफ चिपची सीमा उणे ५० मिलिव्होल्टपर्यंत सरकवलेली असते, म्हणून ती शून्यालाही १ मानून शांत राहते. जुन्या चिपचा लाइनवरचा मीटर मात्र त्याच शांततेत स्टार्ट बिट (बाइटची सुरुवात सांगणारा ०) ऐकतो, संदेशाआधी एक कचरा बाइट घेतो, सीआरसी (संदेश शाबूत असल्याची तपासणी) चुकते आणि तो उत्तरच देत नाही. मास्टरवर (प्रश्न विचारणाऱ्या उपकरणावर) फक्त टाइमआउट दिसतो, आणि माणूस उगाच बॉडरेट (डेटाचा वेग) बदलत बसतो.

उपाय बायसिंगचा, म्हणजे रेझिस्टरच्या जोडीने एक तार पुरवठ्याकडे आणि दुसरी ग्राउंडकडे ओढून ठेवण्याचा, तोही लाइनवर एकाच जागी. ५ व्होल्टवर ५६०ची जोडी सुमारे २५० मिलिव्होल्ट देते. पुरवठा ३.३चा असेल तर तीच जोडी १७०च्या आसपास अडकते. तिथे ३९० लावा, २३५पर्यंत जाल.

लाइनवरची सगळी वीज बंद करून ए-बीमधला रोध मोजा: ६०च्या आसपास ठीक, १२० म्हणजे एक टर्मिनेशन नाही, ४० म्हणजे तिसरं कुणीतरी लावलंय. ए-बी ही अक्षरं सगळे उत्पादक एकाच अर्थाने छापत नाहीत, तेव्हा बायस असलेल्या लाइनवर कोणत्या तारेवर व्होल्टेज जास्त आहे ते मोजून ठरवा. दोन पॅनेलच्या ग्राउंडमधला व्होल्टेज एसी आणि डीसी दोन्हीवर बघा. रिसीव्हर उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढंच सोसतो.

सेटिंगचा कागद सोबत असू द्या. मॉडबस आरटीयू (उपकरणांच्या संवादाचे नियम) असेल तर मूळ अपेक्षा ईव्हन पॅरिटीची (प्रत्येक बाइटमागच्या तपासणी बिटची) आहे. पॅरिटी नसेल तर दोन स्टॉप बिट. आणि लॉगमध्ये प्रत्येक उत्तराचा पहिलाच बाइट गायब दिसला, तर मास्टर डीई पिन (चिपला पाठवण्याच्या स्थितीत ठेवणारी) उशिरा सोडतोय का ते आधी पाहा.